बाटलीकाकांचा बटर स्लाइम

बाटलीकाका आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एकतीस वर्षं त्यांनी एका शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतल्या, बाटल्या भरल्या, बाटल्यांवर लेबलं डकवली, म्हणून पोरांनी त्यांना बाटलीकाका करून टाकलं. निवृत्तीनंतर हे नाव शाळेतच राहायला हवं होतं. पण त्यांच्या इमारतीत त्या शाळेचे तीन माजी विद्यार्थी राहायला होते, त्यामुळे नाव त्यांच्या आधी जिना चढून वर आलं. नवीन भाडेकरूंना वाटायचं, माणूस दिसायला सभ्य आहे, पण संध्याकाळचं काय करत असेल कोण जाणे!

आता प्रयोगशाळेतली एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं समजेल. तिथे दोन माणसं असतात. एक टेबलाच्या पुढच्या बाजूला, पोरांसमोर उभा राहतो. तो शिक्षक. दुसरा मागे, कपाटाजवळ. हा दुसरा माणूस आदल्या दिवशी अख्खा प्रयोग स्वतः करून बघतो. कुठलं द्रावण शिळं झालंय, कुठली नळी तडकलीय, किती थेंबांना रंग बदलतो, सगळं. दुसऱ्या दिवशी सर मोजून तेवढेच थेंब टाकतात, पाणी गुलाबी होतं, पोरं टाळ्या वाजवतात. टाळ्या कोणाला? सरांना. मग मागचा माणूस पुढे येतो, बीकर उचलतो, दोन पावलं मागे सरतो आणि धुवायला लागतो. बाटलीकाकांनी असे किती बीकर धुतले याचा हिशोब कोणी ठेवला नाही आणि त्यांनीही कधी मागितला नाही. मनात मात्र होतं. एकदा, फक्त एकदा, टेबलाच्या पुढच्या बाजूला उभं राहायचं. अर्धा तास पुरे. बायकोलासुद्धा त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं, आणि तिला ते लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत होतं.

आणि ती संधी त्यांच्या नातीनं आणली. नात नऊ वर्षांची. एका जागी बसायची नाही, सारखं काहीतरी कुरतडायची, म्हणून तिला सगळे खारू म्हणायचे. आई-बाप नोकरीला, त्यामुळे शाळा सुटली की आजी-आजोबांकडे. तिची शाळा दुसरीच, आणि तिथे 'घरच्या माणसाचा तास' असायचा. घरातलं एक माणूस वर्गात येऊन आपल्याला येतं ते करून दाखवणार. एकाच्या बापानं सायकलचं पंक्चर काढून दाखवलं होतं, एकीच्या मावशीनं वर्गशिक्षिकेचेच केस कापले होते आणि ते जरा जास्तच कापले गेले होते. प्रत्येक मुलाला हा तास शाळेच्या सगळ्या वर्षांत मिळून एकदाच मिळायचा.

सोमवारी खारू दप्तर फेकत म्हणाली, "आजोबा, शनिवारी माझा तास. मी तुमचं नाव दिलंय. वर्गात सांगितलंय, माझे आजोबा रसायनशास्त्राचे सर होते, ते बटर स्लाइम करून दाखवणार."

स्वयंपाकघरात आजीच्या हातातला चमचा खाली पडला.

इथे बाटलीकाकांची बाजू मांडायला हवी. ते खोटं बोलले नव्हते. चार वर्षांपूर्वी खारूनं त्यांचा निरोप समारंभाचा फोटो बघितला होता. फोटोवाल्यानं उजेडासाठी त्यांना टेबलाच्या पुढे उभं केलं होतं. "आजोबा, तुम्ही सर होतात?" असं तिनं विचारलं, तेव्हा त्यांच्या तोंडात चहा होता. त्यांना ठसका लागला. ठसका थांबेपर्यंत पोरगी खेळायला पळाली होती. तेव्हापासून उत्तर द्यायचं राहून गेलं, एवढंच. हो ते म्हणाले नव्हते. नाही म्हणाले नव्हते, हेही खरं.

"अहो, आत्ताच काय ते सांगून टाका तिला," आजी हळूच म्हणाली.

"शनिवारनंतर सांगतो."

"शनिवारनंतर सांगायला काय उरणार आहे?"

बाटलीकाका खारूकडे वळले. "हा बटर स्लाइम म्हणजे काय गं?"

"साधा स्लाइम, तो बुळबुळीत गोळा असतो ना, तो कसा ताणला जातो, तसाच हाही. पण सुरीनं लावला ना, तर लोण्यासारखा पसरतो. हाताला चिकटत नाही. खायचा नसतो."

"मग करायचा कशाला?"

"दाबायला."

"दाबून काय होतं?"

"बरं वाटतं."

दाबल्यावर बरं वाटेल अशी एकही वस्तू बासष्ट वर्षांत बाटलीकाकांच्या हाती आली नव्हती. त्यांनी वही काढली. खारूनं सामान सांगितलं: पांढरा गोंद, मऊ क्ले, हाताला लावायचं क्रीम, कॉर्नफ्लोअर, पिवळा रंग. "आणि ॲक्टिव्हेटर."

"तो कुठला?"

"ते तुम्हाला माहीत असेल ना! तुम्ही सर होतात."

मंगळवारी सकाळी बाटलीकाकांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. आजीचं हाताचं क्रीम घेतलं, विचारून नव्हे. घट्ट होण्यासाठी लागणारा ॲक्टिव्हेटर म्हणजे बोरॅक्स, आपला टाकणखार, हे त्यांना कळत होतं, पण बोरॅक्स घरात नव्हता. म्हटलं, खायचा सोडा आणि व्हिनेगर घालून बघू. घातलं. भांड्यात जे तयार झालं त्याला नाव नाही. पातळ म्हणावं तर ओघळत नव्हतं, घट्ट म्हणावं तर थांबत नव्हतं. वर फेस. तेवढ्यात जिन्यावर खारूची पावलं वाजली, शाळा लवकर सुटली होती. सरांचा प्रयोग फसलेला नातीनं बघायचा? छे! बाटलीकाकांनी अख्खं भांडं सिंकमध्ये पालथं केलं आणि वरून गरम पाणी सोडलं.

लक्षात घ्या, हा तो माणूस होता ज्यानं शाळेच्या बेसिनवर स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लावली होती: 'बेसिनमध्ये काहीही ओतू नये.' एका पोरानं मेणाचा तुकडा टाकला म्हणून त्याला आठवडाभर परीक्षानळ्या घासायला लावल्या होत्या.

वीस मिनिटांनी खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई वर आली. तिनं एक बोट ताठ पुढे धरलं होतं आणि त्या बोटाला पांढरट पिवळी तार लोंबत होती.

"हे माझ्या सिंकमधून वर आलंय," ती म्हणाली. "आणि अजून येतंय. माझ्याकडे उद्या द्यायचे तीन ब्लाउज भिजलेत. काका, खरं सांगा, हे विषारी आहे का?"

"नाही हो. पॉलिमर आहे."

"म्हणजे आहे!" असं म्हणून ती हात धुवायला कोणाच्या घरी जावं याचा विचार करत उभी राहिली.

प्लंबर आला. त्यानं नळी खोलली, तार घातली, ओढायला लागला, आणि ओढतच राहिला. "काका, वीस वर्षं हे काम करतोय. केस काढले, चमचे काढले, एकदा दातांची कवळी काढली. हे पहिल्यांदाच बघतोय." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "घरात कोणी आजारी आहे का?"

संध्याकाळी खाली फलकावर सूचना लागली. इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे वरच्या मजल्यावरचे विमावाले. विमा विकून विकून त्यांना सगळीकडे संकटच दिसायचं. सूचना अशी होती: 'काही ज्येष्ठ सभासद सांडपाण्याच्या नळीत रासायनिक पदार्थ सोडत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी तसे करू नये.' बाटलीकाका ती तीनदा वाचून आले. आरोपाचं त्यांना एवढं वाटलं नाही. 'काही' या शब्दाचा राग आला. अख्ख्या इमारतीत रसायनांशी संबंध असलेला ज्येष्ठ सभासद एकच होता. मग 'काही' कशाला? सरळ नाव लिहायचं होतं. निदान नाव तरी लागलं असतं कुठेतरी.

बुधवारी ते औषधाच्या दुकानात गेले.

"बोरॅक्स आहे?"

"मुंग्यांसाठी की झुरळांसाठी?" दुकानदारानं मान वर न करता विचारलं.

"नातीसाठी."

दुकानदारानं मान वर केली. बराच वेळ बघितलं. "नाही आमच्याकडे," तो म्हणाला, आणि मागच्या फळीवरचा डबा त्यानं हळूच आत सरकवला.

मग मात्र बाटलीकाका ताठ झाले. म्हटलं, लोकांच्या दारात कशाला जायचं? आपली शाळा आहे. डाव्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर, उजवीकडून चौथी बाटली. डोळे मिटून हात घातला तरी सापडेल. दहा ग्रॅम तर हवाय. एकतीस वर्षं दिली, शाळा दहा ग्रॅम देणार नाही?

त्यांच्या जागी आता एक बाई होत्या. चष्मा, निळा ॲप्रन, हातात ब्रश. परीक्षानळ्या तळापासून गोल फिरवून घासत होत्या. पद्धत बरोबर होती, आणि ते बघून बाटलीकाकांना उगाचच जरा वाईट वाटलं.

"थोडासा बोरॅक्स हवा होता. दहा ग्रॅम."

बाईंनी बोलायच्या ऐवजी ब्रशनं कपाटाकडे दाखवलं. कपाटावर काचेच्या चौकटीत कागद होता. 'शिक्षकांच्या सहीशिवाय कोणतेही रसायन प्रयोगशाळेबाहेर जाणार नाही. अपवाद नाही.' 'अपवाद नाही'च्या खाली लाल शाईनं दोन रेघा. त्या रेघा मारताना पट्टी घसरली होती, म्हणून दुसरी रेघ शेवटाला थोडी वर गेली होती. बाटलीकाकांना ती दुपारसुद्धा आठवली.

"आधी इथे एकजण होते म्हणे," बाई म्हणाल्या, "त्यांनी हे लिहिलंय. मुख्याध्यापकांचा मुलगा तापानं फणफणला होता, तेव्हा त्यांनी इथला थर्मामीटर मागितला. दिला नाही! सही आणा म्हणाले. कडक माणूस. मी पण त्यांच्याच नियमानं चालते. तुम्ही कोण?"

घ्या! आता काय सांगणार? तो कडक माणूस मीच आणि मीच नियम मोडायला आलोय? आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाटलीकाकांनी घसा साफ केला. "मी... एक पालक."

"पालकांना तर अजिबातच नाही." मग बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्या जरा मऊ झाल्या. "लेबलं मात्र त्यांचीच ठेवलीत मी. बदलली नाहीत. अक्षर सुरेख आहे हो माणसाचं."

"नाव काय होतं त्यांचं?" बाटलीकाकांनी विचारलं. विचारायला नको होतं.

"नाव कुठे ठाऊक आहे? बाटलीकाका का कायसं म्हणायचे."

ते रिकाम्या हातानं घरी आले. आजीनं पाण्याचा पेला पुढे केला आणि काही विचारलं नाही. ती एक गोष्ट तिला फार चांगली जमायची.

सुटका झाली ती भलत्याच माणसाकडून. गुरुवारी विमावाले नळीची चौकशी करायला आले आणि खुर्चीत बसले. बाटलीकाका बराच वेळ आडून आडून बोलत राहिले, तेव्हा आजीच कंटाळून म्हणाली, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय? सांगा ना, काय हवंय ते." मग सगळं बाहेर आलं. विमावाले म्हणाले, त्यांची बायको डोळ्यांत लेन्स घालते, ती लेन्स ज्या पाण्यात ठेवते त्यानं स्लाइम घट्ट होतो. त्यांच्या पुतणीनं केला होता. बाटली घेऊनही आले. पण बाटलीबरोबर सल्ला आला. विमावाल्यांचा सल्ला फुकट असायचा, म्हणून तो संपायचा नाही. स्लाइम जमिनीवर बसून करा. रेनकोट घाला. पोरांना दोन हात लांब ठेवा. पोरांच्या आई-बापांकडून लिहून घ्या. आणि काका, तुमच्या वयाला एक चांगली योजना आलीय, हातापायाला काही झालं तर... असं पाऊण तास.

ते गेल्यावर बाटलीकाकांनी दार लावलं. गोंद मोजला. त्यात चिमूटभर सोडा, दोन थेंब पिवळा रंग. लेन्सचं पाणी ड्रॉपरनं, एकेक थेंब, मोजत. चौतिसाव्या थेंबाला गोंद भांड्याच्या कडा सोडून गोळा व्हायला लागला. मग क्ले. मग आजीचं क्रीम, यावेळी विचारून. वर कॉर्नफ्लोअरची पुसट भुकटी. मळायला घेतलं, आणि दहा मिनिटांनी त्यांच्या हातात लोणी होतं! ताणलं तर हातभर ताणलं, तुटलं नाही. सुरीनं ताटावर लावलं तर अलगद पसरलं. त्यांनी ते मुठीत धरून दाबलं. पुन्हा दाबलं. खरंच बरं वाटत होतं. आजी दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "किती दिवसांनी हसलात हो!" तेव्हा त्यांना कळलं की आपण हसतोय.

शनिवारसाठी त्यांनी सगळं मापून सहा बाटल्यांत भरलं, बाटल्यांना आकडे घातले. आणि झालेला नमुना? तो जुन्या सवयीनं राखून ठेवला. कारण पोरांसमोर प्रयोग फसलाच, तर कपाटाआडून आदल्या दिवशीचा नमुना सरांच्या हातात सरकवायचा, ही त्यांची एकतीस वर्षांची युक्ती होती आणि ती एकदाही उघडी पडली नव्हती. नमुना लोण्याच्या रिकाम्या डबीत भरला. डबीवर लेबल: 'नमुना क्र. २. लोणी नव्हे. खाऊ नये.' तारीख घातली. फ्रिजमध्ये ठेवला. लेबल लावलं की त्यांच्या मते जबाबदारी संपत असे.

पण त्या घरात मिठावर लेबल होतं, साखरेवर होतं, लेबलांच्या डब्यावरही लेबल होतं. आजीनं लग्नानंतर सहा महिने ती वाचली, मग सोडून दिलं. मीठ चाखलं की कळतं की!

शुक्रवारी सकाळी विमावाले लेन्सच्या पाण्याचं काय झालं ते बघायला आले. आजीनं चहा ठेवला, पाव भाजला, फ्रिजमधून डबी काढली आणि उपकाराची फेड म्हणून चांगला जाड थर लावून दिला. बाटलीकाका दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण घेऊन ते बाहेर आले, तेव्हा विमावाले पाचव्यांदा चावत होते.

"वहिनी, लोणी जरा जुनं वाटतंय," ते तोंडातून कसंबसं म्हणाले, आणि त्यांनी पाव तोंडापासून लांब केला. पाव लांब गेला. लोणी गेलं नाही. ओठांपासून पावापर्यंत पिवळी दोरी तयार झाली, आणि विमावाल्यांचे डोळे त्या दोरीवरून हळूहळू पुढे सरकत बाटलीकाकांपर्यंत आले.

"थुंका! आधी थुंका!" बाटलीकाका ओरडले. मग चुळा, डॉक्टरांना फोन, पुन्हा चुळा. डॉक्टर म्हणाले, गिळलं नसेल तर काही नाही, पाणी प्या, आणि त्या गृहस्थांना स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. कोणत्या गृहस्थांना, ते त्यांनी सांगितलं नाही. विमावाले जाताना दारात थांबून म्हणाले, "तरी मी सांगत होतो, आधी लिहून घ्या!"

"लेबल होतं ना त्यावर!" बाटलीकाका बायकोवर चिडले. "ढळढळीत लिहिलंय, लोणी नव्हे!"

"तुम्ही कपाटावर 'कपाट' लिहिता. माणसानं किती वाचायचं?"

पावाला लावलेलं गेलं, आणि डबीत उरलेल्यात पावाचा चुरा मिसळला. राखून ठेवलेला नमुना संपला. नव्यानं करावा तर क्ले शनिवारपुरताच उरला होता. म्हणजे वर्गात जे व्हायचं ते पहिल्याच फटक्यात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं होतं. असं बाटलीकाकांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून, सहा बाटल्या, भांडं, क्ले आणि एक रिकामी डबी घेऊन वर्गात हजर झाले. छत्तीस पोरं. फळा. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. आणि फळ्यासमोर टेबल. बाटलीकाका टेबलाला वळसा घालून पुढच्या बाजूला गेले आणि उभे राहिले. बस्स, इतकं सोपं होतं! पहिल्या बाकावर खारू पाठ ताठ करून बसली होती, आणि शेजारणीला कोपरानं ढोसत होती.

"मुलांनो, आज आपलं भाग्य आहे," वर्गशिक्षिका म्हणाल्या. त्या मावशीनं कापलेले त्यांचे केस अजून पुरते वाढले नव्हते. "खारूचे आजोबा तर आलेच आहेत. पण आपल्या शाळेच्या सल्लागार मंडळावरचे सरही आज हा तास बघायला आलेत."

दारातून सर आत आले. तेच सर. केस पांढरे झाले होते, पण चाल तीच. एकवीस वर्षं ज्यांचे बीकर धुतले ते.

"अरे, तू!" सरांचा चेहरा खरोखर उजळला. त्यांनी पुढे येऊन बाटलीकाकांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाई, काळजी सोडा. हा माणूस आहे म्हणजे प्रयोग फसायचा नाही. चल, कर सुरू." आणि ते मागच्या बाकावर जाऊन बसले. माणसात काडीचा वाईटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, राग तरी धरता आला असता.

बाटलीकाकांनी सुरुवात केली. पहिली बाटली, दुसरी, तिसरी. आवाज आधी कापला, मग स्थिरावला. "आता हे थेंब मोजायचे बरं का!" म्हणताच छत्तीस पोरांनी एका सुरात मोजायला सुरुवात केली. वीस, एकवीस... खारू सगळ्यांत मोठ्यानं मोजत होती. चौतीसला गोंद गोळा झाला आणि वर्ग "ओऽऽ" करून ओरडला. सात-आठ मिनिटं बाटलीकाका सर होते. खरे सर. तेवढी त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ शकणार नाही.

मग तिसऱ्या बाकावरून एका चष्मेवालीनं हात वर केला. "सर, हे पातळ होतं, घट्ट का झालं?"

सर! त्यांनाच म्हणाली होती. आणि उत्तर त्यांना येत होतं. एकवीस वर्षं दरवर्षी त्यांनी ते ऐकलं होतं, शब्द न् शब्द पाठ होता. त्यांनी तोंड उघडलं, आणि मान आपसूक वळली. मागच्या बाकाकडे. वर्गात प्रश्न आला की मागच्या माणसानं सरांकडे बघायचं असतं, ही त्या मानेची सवय.

सरांनी ती नजर झेलली. वर्षानुवर्षं झेलली होती तशीच. ते उठले, चालत पुढे आले, खडू उचलला. "सोपं आहे, बाळांनो! गोंदात असतात लांब लांब माळा. एकमेकींवरून घसरणाऱ्या..." आणि ते बोलत गेले. काय बोलत होते! पोरं हरखून ऐकत होती. बाटलीकाका मळत होते. क्ले घातला, क्रीम घातलं, भुकटी लावली, कान सरांच्या वाक्याकडे. सरांचं शेवटचं वाक्य संपत आलं हे त्यांना आधीच कळलं, आणि अगदी त्या क्षणी तयार गोळा त्यांनी सरांच्या हाताशी ठेवला. सरांनी न बघता तो उचलला, दोन्ही हातांनी ताणला, पिवळा, गुळगुळीत, हातभर, आणि वर्गानं टाळ्यांचा कडकडाट केला.

बाटलीकाकांनी भांडं उचललं. दोन पावलं मागे सरले. आणि कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन ते धुवायला लागले.

तळ घासताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण काय केलं. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी ढकललं नव्हतं. मागे वळून बघितलं, तर पोरं सरांभोवती गोळा झाली होती, आणि खारू एकटी आपल्या बाकावर बसून बेसिनकडे बघत होती.

पुढचं सगळं रीतसर झालं. बाईंनी आभार मानले, सरांचे सविस्तर आणि "साहाय्य करणाऱ्या आजोबांचे" थोडक्यात. सर म्हणाले, "हे मी नेऊ का रे? नातवाला दाखवतो." बाटलीकाकांनी स्लाइम डबीत भरून, डबी पुसून, वर लेबल लावून दिला. वळणदार अक्षरात. तारीख घालून.

घरी चालत जाताना दोन गल्ल्या खारूनं आजोबांचा हात धरून ठेवला होता. तिसऱ्या वळणावर म्हणाली, "तुम्ही सर नव्हतात ना?"

"नव्हतो."

"मग कोण होतात?"

बाटलीकाकांनी विचार केला. "सर जे दाखवायचे, ते मी आदल्या दिवशी करून बघायचो. चुकू नये म्हणून."

खारूनं हे मनात उलटंपालटं करून बघितलं. "मग ते तर सरांपेक्षा अवघड आहे," ती म्हणाली. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. "मग तुम्ही मागे का गेलात, आजोबा? तुम्हाला कोणी जा म्हणालं नव्हतं."

"भांडं धुवायचं राहिलं होतं गं."

"तो माझा तास होता," खारू म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तो एकदाच मिळतो."

तिनं आपला हात सोडवून घेतला आणि ती पुढे चालायला लागली. बाटलीकाका थोडं अंतर ठेवून मागून चालत राहिले. त्यांच्या पिशवीत सहा रिकाम्या बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. सहाही स्वच्छ धुतलेल्या होत्या.